अँटेना काय पाहतो: साउंडिंग रॉकेटवरील उपग्रह-स्थाननिश्चितीच्या मर्यादांचे विवेचन

१. विषयाची मर्यादा

साउंडिंग रॉकेटचे इंजिन पहिली काही सेकंदे जळते आणि विझते. त्यानंतरची सगळी वाट ते फेकलेल्या दगडाच्या नियमाने, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि हवेचा अवरोध यांच्याच हुकमतीत कापते. गतिशास्त्राच्या भाषेत त्या क्षणापासून ते एक प्रक्षेप्य असते. ते कुठे आहे, किती वेगाने जात आहे आणि कुठे पडणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आज जीपीएस किंवा नाविकसारख्या उपग्रह-प्रणालींकडून मिळवता येतात. त्यासाठी रॉकेटमध्ये बसवलेल्या रिसीव्हरची चर्चा पुष्कळ होते. त्याच्या आधी बसलेल्या अँटेनाची चर्चा मात्र जोडणीच्या तपशिलासारखी उरकली जाते.

प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे : वेगाने फिरणाऱ्या, बारीक आणि धातूच्या नळकांड्यावर अचूकतेची वरची मर्यादा बव्हंशी अँटेनाच ठरवतो, आणि ती तीन स्वतंत्र वाटांनी ठरवतो. किती उपग्रह कोणत्या दिशांना दिसतात, ही पहिली वाट. त्यांचा संकेत किती शक्तीने आत येतो, ही दुसरी. त्या संकेताची कला, म्हणजे लहरीच्या चक्रातले तिचे स्थान, अँटेनामुळे किती बिघडते, ही तिसरी. या तीन वाटांचे परिणाम वेगवेगळ्या मोजमापांवर उमटतात. म्हणून ‘चांगला अँटेना कोणता?’ या प्रश्नाला उड्डाणाचा टप्पा आणि हवे असलेले मोजमाप सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

२. संकेताची दुर्बलता

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर आहेत. त्यांचा एल-१ संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेचा असून त्याची तरंगलांबी १९ सेंमी आहे. जमिनीवर पोहोचणाऱ्या नागरी संकेताची किमान शक्ती उणे १५८.५ डेसिबल-वॉट, म्हणजे एका वॉटच्या शंभर कोटी-कोटी भागांतला जेमतेम एखादा भाग धरली जाते. दोन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सामान्य तापमानाला जो औष्णिक गोंगाट असतो, त्याच्यापेक्षा हा संकेत पन्नासपटीहून अधिक क्षीण असतो. माहीत असलेल्या सांकेतिक क्रमाशी तो ताडून पाहिला म्हणूनच तो गोंगाटातून वर काढता येतो.

या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. अँटेनात एखाद्या दिशेने दहा डेसिबलची तूट आली, तर नंतरचा वर्धक ती भरून काढू शकत नाही. कारण वर्धक संकेताबरोबर गोंगाटही वाढवतो. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर अँटेना आणि त्याच्या लगतचा पहिला वर्धक यांच्यापाशीच कायम होते.

संकेत उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाचा असतो. तसाच अँटेना वापरला तर पूर्ण शक्ती मिळते. रेषीय ध्रुवणाचा वापरला तर निम्मी, म्हणजे तीन डेसिबल, जाते. रॉकेटवर हे नुकसान अनेकदा जाणूनबुजून पत्करले जाते. ते का, याचा खुलासा पुढे येईल.

३. आकाराची मर्यादा

अनुनादी पट्टी-अँटेनाची लांबी सुमारे अर्धी तरंगलांबी लागते. हवेत ती एल-१ साठी साडेनऊ सेंमी भरते. भारताच्या रोहिणी मालिकेतल्या रॉकेटांच्या नावातला आकडा म्हणजे त्यांचा मिलिमीटरमधला व्यास. आरएच-२०० ची जाडी २० सेंमी, तर आरएच-५६० ची ५६ सेंमी. वीस सेंमीच्या नळीवर साडेनऊ सेंमीची सपाट पट्टी नीट बसत नाही. म्हणून पट्टीखाली उच्च विद्युत्-स्थिरांकाचे सिरॅमिक घालून ती आखडतात. स्थिरांक २० असेल तर लांबी त्याच्या वर्गमुळाने भागली जाऊन दोन सेंमीच्या आसपास येते.

ही बचत फुकट मिळत नाही. अँटेना तरंगलांबीच्या मानाने लहान होत गेला की त्याची बँड-रुंदी किती वेगाने घटते, हे व्हीलर यांनी १९४७ साली आणि चू यांनी १९४८ साली दाखवले. अगदी लहान अँटेनासाठी, कार्यक्षमता तीच ठेवून, त्याला वेढणाऱ्या काल्पनिक गोलाची त्रिज्या निम्मी केली तर बँड-रुंदीची कमाल मर्यादा साधारण आठपटींनी खाली येते. व्यवहारात याचे दोन परिणाम दिसतात.

पहिला परिणाम जागेवरून सरकण्याचा. अरुंद पट्ट्याचा अँटेना तापला किंवा त्यावर उष्णतारोधक आवरण चढवले की त्याची अनुनाद-वारंवारता ढळते. वर जाताना हवेच्या घर्षणाने रॉकेटची कातडी तापते, आणि प्रयोगशाळेत बरोबर जुळवलेला अँटेना नेमका उड्डाणाच्या सर्वांत धकाधकीच्या काळात बाजूला सरकतो. दुसरा परिणाम विलंबाचा. पट्ट्याच्या कडेला काम करणारा अँटेना संकेताला दिशेनुसार कमी-अधिक उशीर लावतो, आणि उपग्रहापर्यंतचे अंतर वेळेवरूनच मोजले जात असल्याने तो उशीर अंतराची चूक म्हणून नोंदला जातो. एल-५ सारख्या सुमारे वीस मेगाहर्ट्झ रुंद संकेताची मूळ अचूकता चांगली असते, पण लहान अरुंद अँटेनातून ती पूर्णपणे वसूल होत नाही.

४. दृष्टीची मर्यादा : कोणते उपग्रह दिसतात

स्थानातली चूक म्हणजे प्रत्येक अंतरातली चूक गुणिले उपग्रहांच्या मांडणीचा गुणक. या गुणकाला डीओपी म्हणतात. एकेका अंतरात दीड मीटरची चूक असेल आणि गुणक २ असेल, तर स्थानात तीन मीटरची चूक येते. तोच गुणक ६ झाला तर नऊ मीटरची. रिसीव्हर तोच, उपग्रह तेच. बदलते ती फक्त कोणत्या दिशा उघड्या आहेत ही बाब.

उभ्या रॉकेटच्या कुशीवर एकच अँटेना बसवला तर धातूचे शरीर अर्धे क्षितिज झाकून टाकते. जीपीएसचे आठ ते बारा उपग्रह आकाशात असले तरी एका क्षणी चार ते सहा हाती लागतात, आणि तेही एकाच बाजूला गोळा झालेले. स्थान आणि घड्याळ मिळून चार अज्ञातांसाठी किमान चार उपग्रह लागतात. म्हणजे हिशेब जेमतेम जमतो, पण डीओपी फुगतो.

उलट, उंचीचा एक फायदा फक्त सर्व बाजूंना पाहणाऱ्या अँटेनालाच मिळतो. जमिनीवरून सगळे उपग्रह क्षितिजाच्या वरच असतात आणि म्हणून उंचीची अचूकता नेहमीच आडव्या अचूकतेपेक्षा कमी राहते. रॉकेट ३०० किमीवर गेले की क्षितिज सुमारे १७ अंशांनी खाली झुकते. तेवढ्या पट्ट्यातले आणखी उपग्रह आडव्या पातळीच्या खालून दिसू लागतात, आणि उंचीच्या गणिताला खालून आधार मिळतो. फक्त वर पाहणाऱ्या अँटेनाला या आधाराचा उपयोग नाही.

५. परिवलन : वेळेचे गणित

साउंडिंग रॉकेटला स्थैर्यासाठी स्वतःभोवती फिरवले जाते. उदाहरणासाठी सेकंदाला ४ फेऱ्या धरू. याचे चार परिणाम होतात : पहिले तीन कुशीवरच्या एकट्या अँटेनावर, चौथा टोकावरच्या अँटेनावरही.

(अ) लपंडाव. एक फेरी २५० मिलिसेकंदांची, तर प्रत्येक उपग्रह सुमारे १२५ मिलिसेकंद दिसतो आणि तेवढाच वेळ लपतो. इंजिन विझल्यानंतर गती सुरळीत असते, त्यामुळे रिसीव्हर हा अंधार अंदाजाने ओलांडू शकतो. पण इंजिन जळत असताना दहा जी त्वरण असेल आणि त्याचा अंदाज रिसीव्हरला नसेल, तर १२५ मिलिसेकंदांत वेग सुमारे सव्वाबारा मीटर प्रतिसेकंदांनी बदलतो. एल-१ वर ही डॉप्लर वारंवारतेतली सुमारे ६४ हर्ट्झची उडी होते. कलेचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेची रुंदी सामान्यतः १५-२० हर्ट्झ असते. माग सुटतो.

फिरणे जितके मंद तितके बरे, असा समज इथे चुकीचा ठरतो. परिवलन काढून टाकल्यावर रॉकेट दहा सेकंदांत एक फेरी असे रेंगाळू लागले, तर उपग्रह पाच सेकंद पूर्ण लपतो. नव्याने शोध, संकेताशी जुळणी आणि वेळेची खूण ओळखणे यातच तो पुन्हा लपायची वेळ येते. म्हणजे मध्यम वेगाचे फिरणे अंदाजाने निभावते, अतिमंद फिरणे निभावत नाही.

(आ) केंद्रापासूनचे अंतर. अँटेना अक्षावर नसून कातडीवर असतो. आरएच-५६० एवढ्या जाडीवर, म्हणजे २८ सेंमी त्रिज्येवर, तो सेकंदाला सात मीटर वेगाने गोल फिरतो. क्षितिजाजवळचा उपग्रह दृष्टीत येताना अँटेना त्याच्याकडे सात मीटर प्रतिसेकंद वेगाने धावत असतो आणि दृष्टीआड जाताना तितक्याच वेगाने दूर पळत असतो. डॉप्लरमध्ये ही अधिक-उणे ३७ हर्ट्झची ये-जा होते. आरएच-२०० वर तीच ये-जा १३ हर्ट्झची. जाड रॉकेट अँटेनाला जागा देते, पण फिरण्याचा त्रासही वाढवते.

(इ) न विरणारी चूक. ही ये-जा सरासरीत शून्य होईल असे वाटते. वेगाच्या बाबतीत ते खरे आहे, अंतराच्या बाबतीत नाही. उपग्रह दिसतो तेव्हा अँटेना नेहमी त्याच्याच बाजूला असतो. त्यामुळे क्षितिजाजवळच्या प्रत्येक उपग्रहाचे अंतर सरासरीने त्रिज्येच्या ६४ टक्के, म्हणजे सुमारे १८ सेंमी, कमी मोजले जाते. डोक्यावरच्या उपग्रहाचे अंतर मात्र बरोबर राहते. या फरकातला सामाईक भाग घड्याळाच्या चुकीत जातो आणि उरलेला उंचीत सतत एकाच बाजूला उतरतो. मीटरभर अचूकता हवी असेल तर याकडे दुर्लक्ष चालेल. डेसिमीटरची हवी असेल तर ही चूक गणितातच दुरुस्त करावी लागते.

(ई) कलेची गुंडाळी. वर्तुळाकार ध्रुवणाचा अँटेना आपल्या तोंडाच्या अक्षाभोवती एक फेरी फिरला की मोजलेल्या कलेत पूर्ण एक चक्र वाढते किंवा घटते. एल-१ वर ते १९ सेंमी अंतराएवढे असते. अँटेना रॉकेटच्या टोकावर अक्षातच असेल, तर सेकंदाला ४ फेऱ्यांनी सर्व उपग्रहांच्या वेगात सारखीच ७६ सेंमी प्रतिसेकंदाची भर पडते. ती सर्वांना सारखी असल्याने रिसीव्हर तिला स्वतःच्या घड्याळाची गळती समजतो आणि स्थान व वेग शाबूत राहतात.

दोन वारंवारता वापरल्या की मात्र हा निरुपद्रवीपणा संपतो. एल-५ ची तरंगलांबी साडेपंचवीस सेंमी आहे. तिच्यावर प्रत्येक फेरीला साडेपंचवीस सेंमी साठतात, एल-१ वर १९. या दोघींच्या फरकावरूनच आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या काढली जाते. दर फेरीचा साडेसहा सेंमीचा हा खोटा फरक इलेक्ट्रॉन-मोजणीच्या सुमारे अर्ध्या एककाइतका होतो. सेकंदाला ४ फेऱ्या फिरणारे रॉकेट दर सेकंदाला दोन एककांचे काल्पनिक आयनांबर निर्माण करते. फेऱ्यांची नेमकी संख्या स्वतंत्रपणे मोजून ही गुंडाळी उलगडली नाही, तर आयनांबराच्या अभ्यासासाठी गेलेले रॉकेट स्वतःच्या फिरण्याचाच अभ्यास करून परत येईल.

६. मांडणीचे तीन पर्याय

पहिला पर्याय टोकावरच्या अँटेनाचा, बहुधा मळसूत्री तारेचा. वर चढताना रॉकेटचे नाक आकाशाकडे असते. त्यामुळे सगळे उपग्रह अखंड दिसतात, त्रिज्येचा त्रास नसतो आणि कलेची गुंडाळी सामाईक राहते. परिवलनाने स्थिर झालेले रॉकेट हवेबाहेर आपली दिशा सोडत नाही, म्हणून शिखर ओलांडून शेपटाच्या बाजूने खाली येतानाही टोक वरच पाहत असते. अडचण दोन ठिकाणी येते. प्रयोगासाठी नाकाडाची टोपी उडवून दिली की अँटेना तिच्याबरोबर जातो. आणि दाट हवेत परतताना शरीर आडवे होऊन गिरक्या घेऊ लागले की टोकाचा अँटेना क्षितिजाकडे, कधी जमिनीकडे पाहू लागतो. शिवाय टोक गुरुत्वमध्यापासून लांब असते. चार मीटर अंतर आणि पाच अंशांचे डोलणे एवढ्यानेच अँटेना ३५ सेंमी झुलतो.

दुसरा पर्याय कमरपट्ट्याचा. १९७४ मध्ये रॉबर्ट मन्सन यांनी वर्णन केलेल्या वक्र मायक्रोस्ट्रिप रचनेत नळीच्या संपूर्ण परिघावर पट्टी गुंडाळून तिला अनेक ठिकाणी समान कलेत जोडतात. विकिरण सर्व बाजूंना सारखे राहावे यासाठी जोडबिंदूंतले अंतर पट्टीखालच्या पदार्थातल्या एका तरंगलांबीपेक्षा कमी ठेवावे लागते. आरएच-२०० चा परीघ ६३ सेंमी, म्हणजे हवेतल्या सव्वातीन तरंगलांब्या. आरएच-५६० चा १७६ सेंमी, म्हणजे नऊहून अधिक. पदार्थाच्या आत तरंगलांबी आखडते, म्हणून प्रत्यक्षात जोडबिंदू आणखी वाढतात आणि त्यांना शक्ती वाटून देणाऱ्या जाळ्यात संकेताचा काही भाग जिरतो. अशा पट्ट्यात रेषीय ध्रुवण सोपे पडते आणि तीन डेसिबलची तूट सहन केली जाते. त्याच्या बदल्यात कलेचे केंद्र अक्षावर येते आणि फिरण्याने काही बदलत नाही. दोष एवढाच की अक्षाच्या दोन्ही दिशांना हा अँटेना जवळजवळ आंधळा असतो.

तिसरा पर्याय समोरासमोरच्या दोन पात्यांचा किंवा पट्ट्यांचा. दोन्ही संकेत एकत्र जोडले की आकाशाचे दोन्ही अर्धे भाग उघडतात. मात्र जिथे दोघांचीही दृष्टी पोहोचते त्या मधल्या पट्ट्यात त्यांच्या लहरी कुठे एकमेकींना पूरक होतात, कुठे मारून टाकतात. रॉकेट जितके जाड तितके हे खळगे जवळजवळ येतात. शिवाय दर अर्ध्या फेरीला संकेताचे केंद्र एका पात्यावरून दुसऱ्यावर उडी घेते. जाड रॉकेटवर ही उडी कित्येक तरंगलांब्यांची असू शकते. कालसंकेतावर आधारलेल्या स्थानाला तिची फारशी झळ लागत नाही, कारण जीपीएसच्या नागरी सांकेतिक क्रमाचा एक घटक २९३ मीटर लांब असतो आणि त्याच्या मानाने काही डेसिमीटर क्षुल्लक आहेत. कलेवर आधारलेल्या सूक्ष्म मोजमापाचा मात्र धागा तुटतो.

जर्मनीच्या डीएलआर संस्थेतील संशोधकांनी २००१ मध्ये स्वीडनमधल्या किरूनाजवळच्या एस्रेंज तळावरून झालेल्या टेस्ट मॅक्सस-४ उड्डाणात वेगवेगळ्या अँटेना-मांडण्या एकाच रॉकेटवर तपासल्या. त्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत चढताना टोकाचा मळसूत्री अँटेना आणि टोपी सुटल्यावर कुशीवरची पाती, अशी अदलाबदल करणारी कळ ठेवलेली होती. कोणतीही एक मांडणी पूर्ण उड्डाणाला पुरत नाही, हे मान्य करून काम टप्प्यांनुसार वाटून देणारा हा मार्ग आहे.

७. उतार आणि कडा

शक्ती घटली की अचूकता हळूहळू कमी होते, ही कल्पना अर्धीच खरी आहे. संकेत-गोंगाट गुणोत्तर ४५ डेसिबल-हर्ट्झ असताना औष्णिक गोंगाटामुळे कलेच्या मोजमापात होणारा थरकाप एका मिलिमीटरच्याही आत असतो. ते ३० पर्यंत खाली आले तरी थरकाप चारेक मिलिमीटरच होतो. तिथपर्यंत उतार सौम्य आहे. पंचविशीच्या आसपास मात्र कडा लागतो. माग ठेवणारी यंत्रणा एकदम सुटते आणि उपग्रह हिशेबातून बाद होतो.

म्हणून अँटेनाची सरासरी किंवा कमाल लब्धी पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. एका दिशेला पाच डेसिबलची भर देणारा आणि दुसरीकडे वीस डेसिबलचा खळगा असणारा अँटेना कागदावर ताकदवान दिसतो. फिरत्या रॉकेटवर प्रत्येक उपग्रह दर फेरीला त्या खळग्यातून जातो. कमाल लब्धी साधारण पण सर्व बाजूंना सपाट, असा अँटेनाच इथे अधिक अचूक ठरतो.

८. थुंबाची परिस्थिती

भारतात साउंडिंग रॉकेटांचे युग २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबाहून नाइकी-अपाची उडाले तेव्हा सुरू झाले. चुंबकीय विषुववृत्त जवळून जाते म्हणूनच ही जागा निवडली गेली होती. तोच गुण उपग्रह-संकेतांसाठी अवगुण आहे. सूर्यास्तानंतर विषुववृत्तीय आयनांबरात उलथापालथ होते, तिथून येणारे रेडिओ-संकेत लुकलुकतात आणि त्यांची शक्ती झपाट्याने वर-खाली होते. अँटेनाच्या खळग्यातून जाणारा उपग्रह आणि लुकलुकीचा खळगा एकाच क्षणी जुळले, तर आधीच कड्याशी आलेला संकेत खाली पडतो. संध्याकाळच्या प्रयोगांसाठी अँटेनाचा सपाटपणा म्हणूनच अधिक मोलाचा.

नाविकच्या बाबतीत हिशेब आणखी ठोस होतो. तिच्या भूस्थिर जागांपैकी एक ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. थुंबाहून ती डोक्यापासून जेमतेम १२ अंशांवर दिसते. म्हणजे सरळ वर चढणाऱ्या रॉकेटच्या कमरपट्ट्याला नेमका हाच उपग्रह अंध दिशेला पडतो आणि टोकाच्या अँटेनाला सर्वांत सोयीचा. जीपीएसच्या उपग्रहांची जागा दर तासाला बदलते. भूस्थिर उपग्रहांची बदलत नाही, त्यामुळे अँटेना कुठे बसवायचा याचा निर्णय रॉकेट बांधतानाच पक्का करता येतो. नाविकचा २४९२ मेगाहर्ट्झचा एस-पट्टा १२ सेंमी तरंगलांबीचा आहे, म्हणजे अँटेना लहान होतो. पण तीच तरंगलांबी लहान असल्याने जाडीचे आणि खळग्यांचे त्रास त्या प्रमाणात वाढतात.

९. निष्कर्ष

वरील तीन वाटांचा निवाडा हव्या असलेल्या मोजमापानुसार वेगवेगळा होतो. काही मीटरांपर्यंतचे स्थान पुरे असेल, तर दृष्टी सर्वांत महत्त्वाची. कला बिघडली तरी चालेल, पण उपग्रह चारही बाजूंना हवेत. आयनांबराचे सूक्ष्म मोजमाप हवे असेल, तर कला सर्वांत महत्त्वाची. केंद्र अक्षावर असावे आणि फेऱ्यांची स्वतंत्र नोंद हवी. तळाच्या सुरक्षिततेसाठी रॉकेट कुठे पडेल याचा क्षणोक्षणी अंदाज लागतो, तिथे वेग आणि सातत्य निर्णायक. इंजिन विझताना आडव्या वेगात एक मीटर प्रतिसेकंदाची चूक राहिली आणि पुढे ५०० सेकंदांचे उड्डाण उरले, तर पडण्याच्या जागेत अर्ध्या किलोमीटरचा फरक पडतो. आणि नेमक्या त्याच क्षणी त्वरण व परिवलन दोन्ही अँटेनाच्या विरोधात असतात. जडत्वमापक यंत्रणा ती काही सेकंदे सांभाळून नेते, पण तिची चूक साठत जाते आणि तिला पुन्हा उपग्रहांशीच ताडून घ्यावे लागते.

यावरून आखणीचा क्रम उलटा असायला हवा, हे दिसते. आधी रिसीव्हर निवडायचा आणि मग कातडीवर उरलेल्या जागेत अँटेना चिकटवायचा, ही पद्धत वरील प्रत्येक चुकीला आमंत्रण देते. आधी उड्डाणाच्या टप्प्यांनुसार रॉकेटची दिशा आणि फिरण्याचा वेग मांडावा. त्यावर त्या वेळचे आकाश ठेवून कोणत्या क्षणी कोणते उपग्रह किती शक्तीने दिसतील ते काढावे. अँटेनाचे मोजमाप सुट्या तुकड्यावर न करता पूर्ण जाडीच्या नळीवर बसवून, चहूबाजूंनी करावे, आणि त्यात शक्तीबरोबर कलाही नोंदवावी. रिसीव्हरची निवड या मोजमापानंतरची गोष्ट आहे; अँटेनाने न पाहिलेला उपग्रह कोणताही रिसीव्हर पाहू शकत नाही.